कचऱ्याच्या पोलादी हॉपरवर भार किती येतो?

चेन्नईतील टी. नगर ही देशातील अत्यंत गजबजलेल्या बाजारपेठांपैकी एक. रंगनाथन स्ट्रीट आणि पाँडी बाजार परिसरातील दुकाने व उपाहारगृहांचा कचरा, पाडलेल्या जुन्या इमारतींचा राडारोडा आणि पानगल पार्क येथील मेट्रोच्या भुयारी कामाची माती, असा तीन तऱ्हेचा टाकाऊ माल या एकाच भागातून बाहेर पडतो. असा माल वाहनात भरण्यापूर्वी साठवण्यासाठी पोलादी हॉपर, म्हणजे खाली निमुळते होत जाणारे मोठे नरसाळे, वापरता येते. मात्र त्यावरील भाराचा अंदाज चुकल्यास खाली काम करणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. अशी साठवण कोसळण्याचे परिणाम किती गंभीर असतात, हे डिसेंबर २०२४ मध्ये तमिळनाडूतीलच मेट्टूर औष्णिक वीज केंद्रात दिसले. तेथे कोळशाचा बंकर कोसळून दोन कामगार मृत्युमुखी पडले.

घनता एक नव्हे, दोन

पहिला प्रश्न मालाच्या घनतेचा असतो. सैल घरगुती कचऱ्याचे वजन घनमीटरला साधारणपणे ४०० ते ५०० किलो भरते. पाण्याने भिजलेल्या मातीचे वजन १,८०० किलो किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे १० घनमीटरच्या ज्या हॉपरमध्ये ५ टन कचरा मावतो, त्यातच ओली माती भरली तर १८ टन भार येतो. म्हणून हॉपरचे आकारमान ठरवताना मालाची किमान घनता आणि मजबुती तपासताना कमाल घनता धरली जाते. औष्णिक केंद्रांतील राखेच्या हॉपरसाठी आकारमानाला घनमीटरमागे ६५० किलो व मजबुतीला १,३५० किलो धरण्याचा प्रघात याच विचारातून आला आहे.

पावसाचाही विचार करावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये टी. नगरचे अनेक रस्ते पाण्याखाली गेले होते. अशा दिवसांत उघड्या हॉपरमधील कचरा पाणी शोषून जड होतो.

सगळे वजन तळावर येत नाही

पाण्याच्या टाकीत खोलीच्या प्रमाणात दाब वाढत जातो. दाणेदार मालाचे तसे नसते. माल भिंतीला घासतो आणि त्याचे काही वजन भिंतीच पेलतात. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ मध्ये यासाठी मांडलेले सूत्र आजही वापरात आहे.

समजा, ३ मीटर व्यासाच्या आणि ९ मीटर उंचीच्या उभ्या साठवणपेटीत घनमीटरला ८०० किलो वजनाचा दाणेदार माल भरला आहे. एकूण वजन सुमारे ५१ टन होईल. भिंतीशी घर्षणाचा गुणांक ०.४ आणि आडव्या व उभ्या दाबाचे गुणोत्तर ०.५ धरले, तर तळावर केवळ १९ टन येतात. उरलेले ३२ टन भिंतींतून खाली उतरतात. एकूण भार कमी होत नाही, केवळ त्याची वाटणी बदलते. त्यामुळे पाय आणि पाया पूर्ण वजनासाठीच बांधावे लागतात, तर पातळ भिंत उभ्या दाबाखाली मुडपणार नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

दार उघडल्यावर

माल स्थिर असतानाच्या दाबापेक्षा तो बाहेर पडतानाचा दाब अधिक असू शकतो. विशेषतः उभी भिंत संपून नरसाळे सुरू होते, त्या सांध्यावर ताण एकवटतो. दार मधोमध नसेल तर एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त दाब येऊन भिंत वाकते.

कचऱ्याच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. चिंध्या, प्लास्टिक आणि ओला पाला एकमेकांत गुंततात व दारावर कमान धरतात. खालचा माल निघून गेला तरी वरचा अधांतरी राहतो आणि कमान तुटताच एकदम आदळतो. हा आघात यान्सेनच्या सूत्रात बसत नाही. म्हणून गुंतणाऱ्या मालासाठी भिंतींकडून मिळणारा आधार गृहीत न धरता पूर्ण वजन तळावर धरणे आणि आघातासाठी वाढीव भार घेणे, हा सुरक्षित मार्ग ठरतो.

वारा आणि गंज

पोलादी साठवणपेट्यांवरील भारांसाठी भारतात आयएस ९१७८ हे मानक असून त्याचा पहिला भाग १९७९ मधील आहे. वाऱ्यासाठी आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात चेन्नईला सेकंदाला ५० मीटर इतका मूलभूत वेग दिलेला आहे. मुंबईसाठी तो ४४ मीटर आहे. रिकामा हॉपर वाऱ्याने उलटू शकतो, म्हणून भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही स्थिती तपासाव्या लागतात.

कचऱ्यातून झिरपणारे आम्लयुक्त पाणी पत्रा कुरतडते. पत्र्याची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ६ मिलिमीटर पत्रा झिजून ५ मिलिमीटर झाला, तर ही ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते. पूर्वी पुरेसा ठरलेला हॉपर पुढे त्याच भाराला अपुरा पडतो तो यामुळेच.

गणिताइतकीच वापराची शिस्तही महत्त्वाची आहे. कोणता माल, किती उंचीपर्यंत भरायचा याची खूण हॉपरवर ठळकपणे असावी. पत्र्याची जाडी ठरावीक काळाने मोजली जावी. कचऱ्यासाठी बांधलेल्या हॉपरमध्ये नव्याने तपासणी केल्याखेरीज माती वा राडारोडा टाकू नये, आणि अडकलेला माल मोकळा करताना खाली कोणीही उभे राहू नये.