गावाचा इतिहास गटाच्या वहीत उतरवूया

तायांनो, गटाच्या वहीत आपण बचत, कर्ज, व्याज पै-पैनं लिहितो. पण आपली वाडी कधी वसली, पहिली विहीर कोणी खोदली, देवाचं ठाणं त्याच झाडाखाली का, हे कुठं लिहून ठेवलंय? ते आहे फक्त म्हाताऱ्या बायांच्या तोंडी. आणि म्हातारी गेली की तेही गेलं.

आपल्या गावाच्या नावातही इतिहास आहे. खानदेशातलं जळगाव वेगळं कळावं म्हणून शेजारच्या जामोद गावाचं नाव जोडून आपण जळगाव जामोद म्हणतो. १९०५ पर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात होता, मग बुलढाण्यात आला. हे सरकारी कागदात सापडतं. पण सातपुड्याच्या कुशीतल्या वाड्या-पाड्यांचं काय?

जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या भागात निहाल समाजाची घरं आहेत. त्यांची निहाली भाषा साऱ्या जगात वेगळी आहे. मराठी-हिंदी एका कुळातल्या, कोरकू दुसऱ्या, तेलुगू-गोंडी तिसऱ्या. निहालीचं मात्र कुठल्याच कुळाशी नातं आजवर सिद्ध झालेलं नाही. कोरकू आणि मराठीतून तिनं पुष्कळ शब्द घेतले, तरी पाण्याला ‘जोप्पो’, आगीला ‘आपो’ असे तिचे स्वतःचे शब्द टिकून आहेत. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत १९०६ साली तिची नोंद झाली. २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनं के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक काढलं. आता बोलणारे उरलेत दोन-अडीच हजारांच्या आसपास.

भाषा अशी का आटते? बाजारात मराठी, शाळेत मराठी, शेजारी कोरकू. घरची बोली बोलली की चारचौघांत हसतात, म्हणून आईच लेकराशी ती बोलायची सोडते. कागदावरही हा समाज झाकलेलाच, कारण अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव कोरकूंच्याच नोंदीत येतं.

तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टींनी पोट भरतं का? तायांनो, इथंच खरी गोम आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत पुरावे कोणते चालतात ते लिहिलंय. जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा, शेताचे बांध, घराण्याची वंशावळ हे सगळं पुराव्यात धरतात. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं, फक्त ते माणूस स्वतः दावेदार नसावं. पुरावा एकच असून भागत नाही, एकापेक्षा जास्त लागतात. आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. इतर वननिवासींना त्या तारखेच्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. म्हणजे आजीची आठवण हीच जमिनीची साक्ष! आणि नवरा-बायको दोघं असली तर हक्काचा कागद दोघांच्या नावानं निघतो, हेही ध्यानात ठेवा.

मग करायचं काय? गटाच्या मासिक बैठकीनंतर अर्धा तास काढा. वेगळी वही करा. दर वेळी एका आजीला बोलवा आणि विचारा :

– वाडीत पहिली घरं कोणाची? कुठून आली?
– जुनी विहीर, झरा, दफनभूमी, देवाचं ठाणं कुठं आहे?
– मोहफुलं, तेंदूपानं, डिंक कोणत्या भागातून आणायचे?
– पाणी, झाड, नातं यांना घरच्या बोलीत काय म्हणतात?

साल सांगता आलं नाही तर अडू नका. ‘७२ च्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘थोरल्या पोराच्या जन्माआधी की नंतर?’ असं विचारा, काळ बरोबर सापडतो. आजी बोलेल तसंच लिहा, शब्द सुधारू नका. खाली तारीख, अंगठा किंवा सही घ्या. मोबाईलवर आवाजही भरून ठेवा, पण आधी तिला विचारून.

वही भरत आली की ग्रामसभेत वाचा. कायद्यानं वनहक्क समितीत एक तृतीयांश जागा बायांच्या आहेत, तिथंही ती ठेवा. पुढच्या बैठकीला कोणत्या आजीला बोलवायचं, ते आजच ठरवून टाका.