ह्वांगशान : जोडीने चढायचा डोंगर

चीनच्या आन्ह्वेइ प्रांताच्या दक्षिण भागातील ह्वांगशान हा एकसंध डोंगर नसून ग्रॅनाइटच्या सुळक्यांचा दाटीने उभा असलेला समूह आहे. परंपरेने त्यात बहात्तर शिखरे मोजली जातात आणि त्यांतले सर्वांत उंच असलेले कमळ शिखर १८६४ मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईपेक्षा तो जेमतेम सव्वादोनशे मीटरने उंच ठरतो, आणि ज्या देशाच्या हद्दीत एव्हरेस्टची उत्तर बाजू येते तेथे एवढ्या उंचीचे कोणाला अप्रूप वाटण्याचे कारण नाही. तरीही चीनमधील देखण्या डोंगरांची नावे घेताना ह्वांगशान वगळता येत नाही, आणि तेथे येणाऱ्यांत लग्न ठरलेली, नुकतीच झालेली, तसेच मुलेबाळे मार्गी लागल्यावर उसंत मिळालेली अशी सर्व वयांची जोडपी असतात. ती निसर्ग पाहायला म्हणून येतात. मात्र ज्या निसर्गावरून त्यांची नजर हटत नाही, त्याच्या घडणीत सम्राट, चित्रकार, पाथरवट आणि हमाल यांचाही मोठा वाटा आहे, हे चढताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

जोडप्यांचा या डोंगराशी असलेला संबंध समजून घ्यायचा तर सुरुवात त्याच्या नावापासून करावी लागते. पूर्वी यीशान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डोंगराला ‘पीत पर्वत’ अशा अर्थाचे आजचे नाव थांग घराण्यातील श्वेनत्सोंग या सम्राटाने इ.स. ७४७ मध्ये फर्मान काढून दिले. चिनी लोक ज्याला आपला आद्य राजा मानतात त्या पुराणकालीन ‘पीत सम्राटा’ने येथेच अमरत्वाचे रसायन सिद्ध केले अशी आख्यायिका ताओ पंथीयांत रूढ होती, आणि स्वतः त्या पंथाचा निस्सीम भक्त असलेल्या श्वेनत्सोंगने तिला जणू राजमान्यता दिली. याच सम्राटाने दोन वर्षे आधी, ७४५ मध्ये, यांग या आपल्या प्रियतमेला ‘ग्वेफेइ’ हे राणीखालोखालचे पद बहाल केले होते. पुढे ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीने बंड केले, राजधानी सोडून पळताना बरोबरच्या सैनिकांनी साऱ्या अनर्थाचे खापर यांग ग्वेफेइच्या घराण्यावर फोडले, आणि ७५६ मध्ये सम्राटाला तिच्या मृत्यूला संमती द्यावी लागली. बाय जूयी या कवीने ८०६ मध्ये या शोकांतिकेवर जे दीर्घकाव्य लिहिले, त्यातील दोन झाडांच्या एकजीव झालेल्या फांद्यांची प्रतिमा चिनी प्रेमकल्पनेत कायमची रुजली.

ह्वांगशानवर शीशिन शिखराच्या परिसरात एक पाइन वृक्ष आहे, ज्याचा बुंधा जमिनीपासून थोड्या उंचीवर दुभंगतो आणि तेथून दोन सारख्या जाडीची खोडे शेजारी शेजारी सरळ वर जातात. लोकांनी या झाडात सम्राट आणि यांग ग्वेफेइ यांना पाहिले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बुंधा असा दुभंगणे ही अगदी सामान्य बाब असली तरी छायाचित्रासाठी जोडप्यांची रांग लागते ती येथे. रेलिंगच्या साखळ्यांना लटकणारी कुलपे हाही त्याच भावनेचा आविष्कार आहे. दोघांची नावे कोरलेले कुलूप साखळीत अडकवायचे आणि किल्ली खालच्या दरीत भिरकावून द्यायची, म्हणजे ते पुन्हा उघडण्याची सोयच उरत नाही, असा हा प्रघात आहे. गंजून एकमेकांत रुतलेल्या त्या कुलपांचे झुबके काही ठिकाणी इतके दाट झाले आहेत की खालची साखळी दिसेनाशी होते. ज्या सम्राटाच्या प्रेमाचा दाखला दिला जातो त्याने स्वतःचा जीव आणि गादी वाचवण्यासाठी प्रेयसीचा बळी जाऊ दिला, ही अडचणीची गोष्ट मात्र कुलूप लावताना कोणी काढत नाही.

या सुळक्यांचा आकार भूगर्भातून आलेला आहे. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी खोल जमिनीत तप्त शिलारस थिजून ग्रॅनाइट तयार झाला, वरचे थर झिजले, भूभाग उचलला गेला आणि खडक उघडा पडला. अशा खडकात ताणामुळे ज्या सरळ भेगा पडतात त्यांना भूशास्त्रात ‘सांधे’ म्हणतात, आणि पाणी व हिम याच भेगांत शिरून खडक फोडत जातात. दक्षिणेकडच्या बाजूला सांधे विरळ असल्याने तेथे प्रचंड, भरदार कातळ उरले, तर उत्तरेकडे ते दाट व उभे असल्याने खडक चिरफळ्यांसारखा सुटून अणकुचीदार सुळके तयार झाले. याच भेगांत मातीचा लवलेश नसताना ह्वांगशान पाइन उगवतो. त्याच्या मुळांतून झिरपणारी आम्ले खडकाला हळूहळू विरघळवून त्यातली खनिजे मोकळी करतात, आणि वाऱ्याच्या माऱ्यामुळे शेंडा उंच न होता आडवा, छत्रीच्या घेराप्रमाणे पसरतो. एका बाजूला फांद्या लांबवून जणू पाहुण्यांचे स्वागत करणारा ‘अतिथी-स्वागत पाइन’ यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याच्यासाठी जवळच राहणारा पहारेकरी नेमलेला असतो, फांद्यांना आधार दिलेले आहेत, आणि वारा, बर्फाचा भार, कीड यांची नोंद नियमाने ठेवली जाते. एवढी देखभाल अनेक माणसांच्याही वाट्याला येत नाही.

प्रवासाची वाट आता सोपी झाली आहे. हांगचौहून वेगवान रेल्वेने ह्वांगशान शहराच्या उत्तर स्थानकावर उतरायचे, पायथ्याच्या तांगकोऊ गावी जायचे आणि उद्यानाच्या बसने चढणीच्या तोंडाशी पोहोचायचे. जोडप्यांतला खरा वादाचा मुद्दा येथे उपस्थित होतो, कारण पुढे एक तर पायऱ्या आहेत, नाही तर दोरीवरचा पाळणा, म्हणजेच रोपवे. पूर्वेकडच्या युनगू बाजूची पायऱ्यांची वाट तुलनेने सुसह्य असून तिला साधारण तीन तास लागतात, तर पश्चिमेची वाट जास्त लांब, जास्त खडी आणि जास्त देखणीही आहे. जाणती मंडळी पूर्वेने चढतात आणि पश्चिमेने उतरतात. गुडघ्यांचा खरा हिशेब मात्र उतरतानाच चुकता होतो.

पायऱ्यांवर हटकून भेटणारी माणसे म्हणजे हमाल. बांबूच्या कावडीच्या दोन्ही टोकांना भाजी, तांदूळ, पाण्याच्या बाटल्या, गॅसच्या टाक्या बांधून ते चढतात आणि परतताना वरच्या हॉटेलांतल्या मळक्या चादरी धुण्यासाठी खाली नेतात. त्यांच्या हातात एक आखूड काठी असते. चालताना ती दुसऱ्या खांद्यावरून कावडीखाली तिरपी घालून ओझ्याचा काही भार त्या खांद्यावर वळवता येतो, आणि थांबताना तीच कावडीला टेकू म्हणून उभी केली की ओझे जमिनीवर न ठेवता दम खाता येतो, कारण एकदा खाली ठेवलेले ओझे पुन्हा उचलणे हे चढण्याहून कठीण असते. वर जेवण आणि मुक्काम महाग का, याचे उत्तर दरपत्रकापेक्षा या काठीत लवकर सापडते.

वर मुक्काम करणे भाग पडते ते सूर्योदय आणि मेघसागर यांच्यासाठी. दऱ्यांत साठलेली दमट हवा थंड होऊन ढग बनते आणि वरच्या उबदार हवेच्या थराखाली ती दबून राहते, तेव्हा शिखरे तेवढी बेटांसारखी वर उरतात; पाऊस किंवा हिमवर्षाव सरल्यावर, विशेषतः हिवाळ्यात आणि वसंतात, हे दृश्य दिसण्याचा संभव अधिक. पण वर्षातले दोनशेहून अधिक दिवस येथे धुके असते, आणि भाड्याचा जाड कोट पांघरून पहाटे कठड्याशी उभ्या राहिलेल्या पुष्कळ जोडप्यांना शेवटी पांढऱ्या पडद्यावर समाधान मानावे लागते.

या पायऱ्या नव्हत्या तेव्हा, १६१६ मध्ये, शू श्याके हा प्रवासलेखक बर्फ पडलेले असताना येथे आला आणि काठीने बर्फात एकेक खाच पाडून पाय ठेवीत चढला. १६१८ मध्ये तो पुन्हा आला. त्याच शतकात होंगरेन आणि शीताओ यांसारख्या चित्रकारांनी या सुळक्यांची व वाकड्या पाइनांची इतकी चित्रे काढली की डोंगर कसा दिसावा याचा साचाच ठरून गेला, आणि आजचे छायाचित्रही बहुधा त्याच चौकटीत घेतले जाते. सामान्य प्रवाशांची गर्दी मात्र फार अलीकडची आहे: १९७९ च्या जुलैमध्ये पंचाहत्तरीच्या घरातले चिनी नेते तंग श्यावफिंग येथे चढले आणि त्यांनी पर्यटनवाढीचा आग्रह धरला, १९८६ मध्ये पहिला रोपवे सुरू झाला आणि १९९० मध्ये युनेस्कोने ह्वांगशानला निसर्ग व संस्कृती या दोन्ही निकषांवर जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पावलांच्या माऱ्याने माती व झाडे खंगू लागल्याने कमळ शिखर आणि त्येनदू शिखर ही दोन काही वर्षांच्या पाळीने आलटून पालटून बंद ठेवली जातात, म्हणून दोन्ही माथे गाठण्याची हौस असलेल्या जोडप्याला एका फेरीत ते साधत नाही आणि तिकिटे काढण्याआधी सध्या कोणते उघडे आहे याची चौकशी करावी लागते.