पाचगणीच्या चौकटीत सात लाख कोटी जागा

वाई, पाचगणी, महाबळेश्वर या पट्ट्यातल्या एसटीच्या फेऱ्या संगणकावर आखून बघायच्या, तर आधी रस्त्यांचा नकाशा हवा. तो फुकट मिळतो. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला, कुणीही भर घालावी असा जगाचा नकाशा. गोची एवढीच, की मूळ फाइल अख्ख्या जगाची: दाबून बसवली तरी 80 जीबीच्या आसपास, आणि आत 900 कोटींहून जास्त बिंदू. सेकंदाला एक असे मोजले तर 285 वर्षं लागतील. थोरले बाजीराव गेले त्या 1740 साली एखादा कारकून मोजायला बसला असता, तर आत्ता कुठे त्याचं काम उरकत आलं असतं. तेही जेवणाची सुट्टी न घेता.

आपल्याला त्यातली एकच चौकट हवी: अक्षांश 17.85 ते 18.05, रेखांश 73.60 ते 73.95. साधारण 820 चौरस किलोमीटर, पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सव्वासहा लाखावा भाग. पण तुकडा लहान म्हणून काम लहान होत नाही. फाइलमध्ये बिंदू गावानुसार नव्हे, क्रमांकानुसार लावलेले असतात. पाचगणीच्या टेबललँड पठाराच्या कडेवरच्या बिंदूला शेजार पेरूमधल्या बिंदूचा असू शकतो. रस्त्याच्या नोंदीत तर जागा नसतेच, नुसते बिंदूंचे क्रमांक. म्हणजे पाचगणीसाठी सगळं जग चाळायचं. (शहाणी माणसं आधीच कापून ठेवलेला पश्चिम भारताचा तुकडा उतरवून घेतात.) बिंदूंचे हे क्रमांक फेब्रुवारी 2013 मध्ये 2,14,74,83,647 च्या पुढे गेले. 32 बिटांच्या साध्या पूर्णांकात याहून मोठी संख्या मावत नाही, म्हणून ते साठवायला मोठा पूर्णांक लागतो.

प्रत्येक बिंदूची जागा अंशाच्या सात दशांश स्थळांपर्यंत लिहितात, म्हणजे जेमतेम सेंटिमीटरपर्यंत. आपल्या चौकटीत उभ्या 20 लाख आणि आडव्या 35 लाख पायऱ्या. गुणाकार सात लाख कोटी. इतक्या ठिकाणी बिंदू ठेवता येतो. हुरळून जाऊ नये. सेंटिमीटरपर्यंत लिहिलं म्हणजे तितकं मोजलं असं नाही. खिशातल्या मोबाइलचा जीपीएस काही मीटर सहज इकडेतिकडे होतो.

खरी गंमत वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटात. 15 मीटर त्रिज्येचं एक अर्धवर्तुळाकार वळण धरा. लांबी 47 मीटर. नकाशा काढणाऱ्यानं नुसती दोन टोकं जोडली, तर उरतात 30. मधे एक बिंदू टाकला की 42, तीन टाकले की 46. वळणावळणाला असे पाच-पंधरा मीटर गळाले, की कागदावरची गाडी खऱ्या गाडीच्या आधी पाचगणीत हजर. उंचीचं तर विचारूच नका. सपाट नकाशात धोम धरणाचं पाणी पाचगणीला खेटून दिसतं. मधला कडा दिसत नाही.

आणि चौकट कापायची कुठे? रेखांश 73.95 वर कात्री लावली की सुरूर फाटा बाहेर राहतो. पुण्याच्या गाड्या हायवे सोडून वाईकडे वळतात त्या तिथूनच. कड 74.05 पर्यंत सरकवली, तर चौकट 1,055 चौरस किलोमीटरची होते आणि जागा नऊ लाख कोटी. एका फाट्यापायी दोन लाख कोटींची भर! एवढं करूनही पुणे–महाबळेश्वर मार्गाचं दुसरं टोक बाहेरच. तो मार्ग पुण्यातल्या स्वारगेटपर्यंत अखंड घे, असं कापणाऱ्या प्रोग्रॅमला आधीच सांगावं लागतं. नाहीतर आपल्या वेळापत्रकात पुण्याची गाडी थेट हायवेवरच उगवते.