वृद्धिशील प्रत, आभासी डिस्कची
आभासी संगणकाच्या डिस्कची संपूर्ण राखीव प्रत एकदा घेतल्यानंतर, पुढे केवळ बदललेल्या खंडांची जी प्रत घेतात, तीस ‘वृद्धिशील प्रत’ म्हणतात. फाब्रिस बेलार यांनी आरंभिलेल्या क्यूईएमयू या आज्ञावलीत दर खंडामागे एक बिट राखून बदलांचा नकाशा ठेवतात. खंड ६४ किलोबाइटांचा धरल्यास १ टेराबाइट डिस्कचा नकाशा २ मेगाबाइटांत मावतो. संगणक बंद झाल्यावरही तो टिकविण्याची सोय २०१७ मध्ये झाली.

या पद्धतीच्या तांत्रिक पुस्तिकेचे परीक्षण करताना भाषेपेक्षा कृतींचा क्रम महत्त्वाचा असतो. संपूर्ण प्रतीस आरंभ झाल्यावर नकाशा मागाहून सुरू केल्यास मधल्या काळातील बदल कोणत्याच प्रतीत उतरत नाहीत. म्हणून दोन्ही कृती एकाच क्षणी कराव्यात, असे पुस्तिकेत स्पष्ट हवे. नकाशातील जुन्या खुणा प्रत यशस्वी झाल्यावरच पुसाव्यात. मालिकेतील एक प्रत नष्ट झाल्यास तिच्यानंतरच्या प्रतींवरून डिस्क पूर्ववत करता येत नाही, हेही नमूद असावे. असे दोष प्रत घेताना दिसत नाहीत, पुनःस्थापनेच्या वेळीच उघड होतात. यास्तव परीक्षकाने पुस्तिकेबरहुकूम डिस्क पुनःस्थापित करून ती मूळ डिस्कशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.