एका दिवसात जाऊन-येऊन: बस की रेल्वे?

परळच्या रुग्णालयात सकाळी अकराची वेळ मिळालेली असते. घर पुण्यात, मुंबईत मुक्कामाची सोय नाही, म्हणजे त्याच दिवशी परतायचे. आदल्या रात्री जेवताना चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, ‘आई, बसनेच जाऊ, कोपऱ्यावरूनच मिळते.’ बाबा म्हणतात, ‘अरे, तिला घाटात गाडी लागते, डेक्कन क्वीनचे बघ.’ मग भाडे, वेळ, तिकीट मिळेल का, रिक्षाला किती पडतील, असा सगळा हिशेब होतो. ज्या शरीराला हा प्रवास करायचा आहे, त्याचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो.

पुणे-मुंबई, नाशिक-मुंबई अशी एका दिवसाची ये-जा महाराष्ट्रात रोज असंख्य लोक करतात. कुणी उपचारासाठी, कुणी मुलाखतीला, कुणी कोर्टकचेरीच्या कामाला. धडधाकट तरुणाने बस निवडली काय किंवा रेल्वे, फारसे बिघडत नाही. पण साठी उलटलेली व्यक्ती, गरोदर स्त्री, मधुमेही, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला किंवा कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण यांच्यासाठी ही निवड केवळ सोयीची राहत नाही.

बसण्याचे तास मोजा

पुणे ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेने १९२ किलोमीटरचे अंतर. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन ते साधारण सव्वातीन तासांत कापते. द्रुतगती मार्ग मोकळा असेल तर बसला दादरपर्यंत साडेतीन-चार तास लागतात, घाटात कोंडी झाली तर पाचही. वरवर पाहता फरक तासाभराचा. पण जाणे, रुग्णालयात बाकावर थांबणे आणि परतणे मिळून दिवसातले नऊ-दहा तास बसण्यातच जातात.

बसून राहिल्याने काय होते? पायांतले रक्त हृदयाकडे वर चढवण्यात पोटरीच्या स्नायूंचा मोठा वाटा असतो. चालताना हे स्नायू आवळतात आणि शिरांमधले रक्त वर ढकलतात. म्हणूनच पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. पाय लटकते ठेवून तासन्‌तास बसले की हा पंप बंद पडतो, रक्त खाली साचते, पावले सुजतात. क्वचित पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी तयार होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकते.

हा धोका विमानप्रवासाशी जोडला जातो, पण तो विमानापुरता नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू असताना लोक रात्र-रात्र आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून काढत. तिथे फुप्फुसातील गुठळीने होणारे अचानक मृत्यू वाढल्याचे कीथ सिम्पसन या शवचिकित्सकाच्या लक्षात आले. आरामखुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीच्या मागच्या बाजूला रुतून रक्तप्रवाह अडवत होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये जाहीर झाले. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग वाहन विमान असो, बस, रेल्वे की मोटार, असे त्यात दिसले. थोड्या दिवसांत वारंवार प्रवास केल्यानेही तो वाढतो.

घाबरण्याचे कारण नाही. निरोगी माणसात मुळात हा धोका फार कमी असतो. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात तो साधारण सहा हजारांत एक असा सांगितला गेला. मात्र कर्करोग, अलीकडची मोठी शस्त्रक्रिया, गरोदरपण, लठ्ठपणा, संततिप्रतिबंधक गोळ्या, पूर्वी झालेली गुठळी यांपैकी काही असेल तर गणित बदलते. उंचीचाही संबंध आढळला आहे. १६० सेंटिमीटरहून कमी उंचीच्या माणसांचे पाय धड जमिनीला टेकत नाहीत आणि आसनाची कड गुडघ्यामागे दाबते. आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रिया याच उंचीच्या आहेत.

इथे रेल्वे सरस ठरते. ती वेगवान आहे म्हणून नव्हे, तर तिच्यात उठता येते म्हणून. डब्याच्या टोकापर्यंत एक फेरी मारली तरी पोटरीचा पंप पुन्हा सुरू होतो. धावत्या बसमध्ये, त्यातही घाटात, उभे राहणे धोक्याचे. बसनेच जायचे असेल तर दर अर्ध्या तासाने टाचा आणि चवडे आळीपाळीने वीस-पंचवीस वेळा उचलावेत, पाय टेकत नसतील तर खाली पिशवी ठेवावी आणि थांब्यावर बस थांबली की झोप बाजूला ठेवून खाली उतरून चालावे.

गाडी का लागते?

आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. शरीर हलते आहे असे ती मेंदूला कळवते. समोरच्या आसनाच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे मात्र सगळे स्थिर असल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ, घाम आणि उलटी उद्भवते. सगळ्याच हालचाली सारख्या त्रासदायक नसतात. साधारण पाच सेकंदांत एकदा, अशा संथ लयीचे झोके सर्वाधिक मळमळ आणतात. जहाजात तेच होते. वळणाच्या रस्त्यावर डावी-उजवीकडे झुकणाऱ्या आणि सतत ब्रेक लावणाऱ्या बसमध्येही तेच.

ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याच्या बसमधील सव्वातीन हजार प्रवाशांची पाहणी झाली, तेव्हा चारातील एकाहून अधिक जणांनी कमी-अधिक अस्वस्थ वाटल्याचे सांगितले आणि सुमारे १३ टक्क्यांना मळमळ झाली. ज्यांना पुढचा रस्ता अजिबात दिसत नव्हता, त्यांना त्रास होण्याचे प्रमाण रस्ता दिसणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. डोळ्यांना वळण आधी दिसले की मेंदू तयार राहतो. चालकाला सहसा गाडी लागत नाही, त्याचेही कारण हेच.

रेल्वेचे रूळ फार तीव्र वळण घेऊ शकत नाहीत. बोरघाटात चढ १:३७ इतका आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. रेल्वेसाठी हा चढ खडाच, म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. पण गाडी घाटात संथ चालते, अचानक ब्रेक आणि झटके कमी बसतात. डबा डुलतो, पण त्या डुलण्याची लय बरीच जलद असल्याने पोटाला ती कमी जाणवते. म्हणून ज्यांना बस लागते, त्यांतल्या अनेकांना रेल्वे लागत नाही. मात्र उलट्या दिशेला तोंड करून बसल्यास काहींना रेल्वेतही त्रास होतो.

दोन ते बारा वर्षांची मुले, गरोदर स्त्रिया आणि अर्धशिशी असलेले लोक यांना गाडी लागण्याची शक्यता अधिक. त्यांना बसमध्ये पुढच्या, रस्ता दिसेल अशा जागा द्याव्यात आणि घाटात मोबाइल बाजूला ठेवावा. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झापड येते. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पाठीचे किंवा मणक्याचे दुखणे असलेल्यांनी बसची शेवटची रांग टाळावी. मागच्या चाकांच्याही पलीकडे असलेला हा भाग प्रत्येक खड्ड्याला वर उडतो आणि दणका थेट कण्याला बसतो. दोन्ही चाकांच्या मधल्या जागा सर्वांत कमी हादरतात. गाडी लागण्याचा आणि पाठीचा त्रास एकाच माणसाला असेल, तर पुढच्या चाकामागची पहिली-दुसरी रांग हा मधला मार्ग.

पाणी न पिण्याचे व्रत

बसने जायचे म्हटले की अनेक स्त्रिया सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसते आणि चालकाला बस थांबवायला सांगण्याचा संकोच वाटतो. हळूहळू हाच प्रवासाचा नियम बनतो. पण पाणी कमी पडले की डोके दुखते, बद्धकोष्ठता होते, उन्हाळ्यात चक्कर येते. लघवी दीर्घकाळ रोखून धरल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गालाही वाव मिळतो.

खरे तर निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात तासाला साधारण ६० मिलिलिटर लघवी तयार होते आणि मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर मावते. म्हणजे निघताना जाऊन आलेल्या व्यक्तीने घोट-घोट पाणी प्यायले तरी तीन-चार तास निभावतात. निघतानाचा मोठा कप चहा मात्र टाळलेला बरा. गरोदर स्त्री, मधुमेही, प्रोस्टेट वाढलेले गृहस्थ आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे यांना हे गणित लागू पडत नाही. त्यांच्यासाठी डब्यातले शौचालय, ते कसेही असले तरी, हेच रेल्वे निवडण्याचे पुरेसे कारण आहे. बसला पर्याय नसेल तर त्या दिवशी गोळी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःहून ती बंद करू नये.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाण्याचा डबा आणि साखरेची पुडी हाताशी ठेवावी. औषध घेऊन ‘नाश्ता थांब्यावर करू’ म्हणून निघालेला माणूस कोंडीत दोन तास अडकला, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

रेल्वे केव्हा हरते?

वरचे सगळे फायदे एका गोष्टीवर अवलंबून आहेत: आरक्षित जागा. ती नसेल तर पारडे उलटते. अनारक्षित डब्यात साडेतीन तास उभे राहणे, दारापाशी चेंगरत जाणे, गर्दीमुळे शौचालयापर्यंतही पोचता न येणे, यापेक्षा बसमधली हक्काची जागा शंभर पटींनी बरी. एकाच जागी ताटकळत उभे राहिल्यानेही पायात रक्त साचते. अशक्त माणसाला त्यातून भोवळ येते. प्रतीक्षायादीतल्या तिकिटाच्या भरवशावर आजारी माणसाला स्थानकावर नेण्यापेक्षा आदल्या दिवशीच बसची जागा राखून ठेवावी.

दुसरा मुद्दा जिन्यांचा. गुडघे दुखणाऱ्या किंवा दम लागणाऱ्या माणसासाठी स्थानकाचा पूल हा प्रवासाचा सर्वांत अवघड भाग असू शकतो. परळला जाणाऱ्यांनी थेट टर्मिनसपर्यंत जाऊन लोकलने मागे येण्यापेक्षा दादरला उतरून टॅक्सी करावी. घराजवळ मिळणारी आणि दादरला सोडणारी बस काहींना सोपी पडते, ती याच कारणाने. सरकते जिने, उद्वाहन, चाकाची खुर्ची यांची चौकशी आधी केली तर रेल्वेचीही ही अडचण कमी होते.

शेवटचे पाच किलोमीटर

सुरक्षिततेचा विचार करताना लोक बस आणि रेल्वे यांची तुलना करतात आणि एक टप्पा विसरतात. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. बसमधल्या प्रवाशांचा वाटा त्या मानाने अगदी थोडा.

आता त्या दिवसाकडे पुन्हा पाहा. गाडी पकडायची म्हणून मुलगा पहाटे पावणेपाचला उठला आहे. दिवसभर रांगा, तपासण्या, धावपळ झाली आहे. रात्री पावणेदहाला तो पुण्यात उतरून वाहनतळावरची दुचाकी काढतो, तेव्हा त्याला जागे होऊन सतरा तास झालेले असतात. सतत सतरा तास जागलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. आपल्या कायद्यात वाहन चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला हा मुलगा, मागे थकलेल्या आईला बसवून, त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी चालवत असतो. त्या रात्री दुचाकी तिथेच राहू द्यावी आणि रिक्षाने घरी जावे.

निवड करताना म्हणून तीनच प्रश्न विचारावेत. प्रवासात उठता येईल का? गरज पडली तर शौचालय मिळेल का? बसायला जागा नक्की आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल ते वाहन घ्यावे, मग ते अर्धा तास उशिरा का पोचेना. आरक्षण असेल तर बहुतेकदा ती रेल्वे निघेल, आरक्षण नसेल तर बस.

आणि परतल्यावर दोन-तीन आठवडे एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, लाल किंवा गरम वाटली तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.