चौकटी, बाण आणि एक आरक्षित तिकीट

सॉफ्टवेअर समजून घेताना येणारी पहिली अडचण अशी की ते डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर दिसतात ती बटणे आणि रकाने. त्यांच्यामागे हजारो, कधी लाखो ओळींचा प्रोग्राम उभा असतो, आणि त्या ओळी एकामागून एक वाचल्या तरी त्यांचे परस्परसंबंध सहजी लक्षात येत नाहीत. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या एका गाजलेल्या निबंधात या अदृश्यतेची गणना सॉफ्टवेअरच्या अंगभूत अडचणींमध्ये केली. जमिनीला स्वतःचा आकार असतो म्हणून तिचा नकाशा काढता येतो, सॉफ्टवेअरला मात्र असा आकारच नसतो. ते चित्रात उतरवायला गेले की एकमेकांवर पसरलेली अनेक जाळी हाती येतात, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. आकृत्यांच्या साहाय्याने सॉफ्टवेअरचे मॉडेल करायला शिकणाऱ्या नवशिक्याने हा मुद्दा आधी ध्यानात घ्यायला हवा, कारण एका आकृतीत सगळे दाखवण्याचा अट्टहास आणि त्यातून येणारी निराशा या दोन्हींचे मूळ तिथेच आहे.

मॉडेल म्हणजे एखाद्या व्यवस्थेचे हेतुपूर्वक सोपे केलेले वर्णन. त्यात काय घ्यायचे यापेक्षा काय वगळायचे हा निर्णय अधिक अवघड असतो. असे वर्णन चित्रातून करण्याची धडपड संगणकाइतकीच जुनी आहे. जॉन फॉन नॉयमन आणि हर्मन गोल्डस्टाइन यांनी १९४० च्या दशकातच गणनेचा प्रवाह आकृतीत मांडला, पीटर चेन यांनी १९७६ मध्ये माहितीसाठ्यातील घटक आणि त्यांचे संबंध दाखवणारी पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९९० च्या सुमारास अशा पद्धतींची इतकी गर्दी झाली की एका गटाची आकृती दुसऱ्या गटाला वाचता येईना. तेव्हा ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन हे तिघे रॅशनल या कंपनीत एकत्र आले आणि आपापल्या पद्धती एकत्र करून त्यांनी ‘युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज’, म्हणजेच यूएमएल, ही सामाईक चित्रभाषा घडवली. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने १९९७ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. आज या भाषेत आकृत्यांचे चौदा प्रकार आहेत, आणि पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका पाहूनच नवशिक्याचा धीर सुटतो. वस्तुतः सुरुवातीला त्यांतले तीन पुरेसे असतात, मात्र ते तिन्ही एकाच परिचित विषयावर काढले गेले पाहिजेत.

भारतीय वाचकाला रेल्वेच्या आरक्षित तिकिटाइतका परिचित विषय क्वचितच मिळेल. रेल्वेची प्रत्यक्ष यंत्रणा अतिशय विशाल आहे आणि पुढील मांडणी तिचे हुबेहूब वर्णन नव्हे. तरीही तिकिटाचे जे नियम प्रवाशाला ठाऊक असतात तेवढ्यांवरून मॉडेलिंगचा गाभा समजू शकतो.

पहिला प्रकार क्लास डायग्रामचा. क्लास म्हणजे एकाच जातीच्या वस्तूंचे सामाईक वर्णन. प्रत्येक तिकीट वेगळे असले तरी प्रत्येकाला पीएनआर क्रमांक असतो, प्रत्येकावर प्रवासाची तारीख असते, म्हणून ‘तिकीट’ हा एक क्लास ठरतो. तो तीन कप्प्यांच्या चौकटीने दाखवतात: वरच्या कप्प्यात नाव, मधल्यात त्याच्याजवळची माहिती, खालच्यात त्याच्याकडून होणारी कामे. नवशिका बहुधा तिकिटाच्या मधल्या कप्प्यात पीएनआर, तारीख, भाडे यांच्याबरोबर ‘स्थिती’ असेही लिहितो, म्हणजे तिकीट कन्फर्म आहे की प्रतीक्षायादीत आहे ते. आकृती नीटनेटकी दिसते. परंतु चौघांच्या कुटुंबाने एकाच पीएनआरवर काढलेल्या तिकिटात दोघे कन्फर्म, एक आरएसीत (म्हणजे दोघांत मिळून एक बर्थ) आणि एक प्रतीक्षायादीत असू शकतो, मग त्या एका रकान्यात काय लिहायचे? उत्तर असे की स्थिती ही तिकिटाची नसून प्रवाशाची असते, आणि त्यासाठी ‘प्रवासी’ ही वेगळी चौकट काढावी लागते. दोन चौकटींना जोडणाऱ्या रेषेच्या प्रवाशाकडील टोकाला ‘१..६’ असे लिहिले की एका तिकिटावर किमान एक आणि सामान्य आरक्षणात जास्तीत जास्त सहा प्रवासी असतात, हा नियम त्या आकड्यांत येतो. हा दोष प्रोग्राम लिहून झाल्यावर सापडला असता तर माहितीसाठ्यापासून पडद्यापर्यंत सगळे बदलावे लागले असते. कागदावर मात्र एक शब्द खोडून दुसरीकडे लिहिला की काम भागते.

रेषांच्या टोकांचे हे आकडे म्हणजे क्लास डायग्राममधील सर्वांत मोलाची गोष्ट होय, आणि नवशिके नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. ‘गाडी’ आणि ‘तिकीट’ यांच्यामधली रेष काढताना लक्षात येते की मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस ही वेळापत्रकातील एक गाडी आहे, पण तिकीट तिच्या एका विशिष्ट दिवशीच्या फेरीचे असते. म्हणजे ‘गाडी’ आणि ‘फेरी’ अशा दोन चौकटी हव्यात. ‘बर्थ’ आणि ‘प्रवासी’ यांचे नाते तर त्याहून फसवे आहे. एका बर्थवर एक प्रवासी असे लिहावे, तर आरएसीत बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसावे लागते. शिवाय मुंबई ते पुणे एक प्रवासी आणि पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत दुसरा, असेही एकाच रात्री एकाच बर्थबाबत घडू शकते. मग बर्थ प्रवाशाला दिला जातो तो संपूर्ण फेरीसाठी नव्हे, तर दोन स्थानकांमधल्या टप्प्यासाठी, हे मॉडेलमध्ये आणावे लागते. प्रत्येक आकड्यामागे एक प्रश्न असतो, आणि तो विचारल्यावाचून आकडा लिहिता येत नाही, यातच या आकृतीचे खरे सामर्थ्य आहे.

क्लास डायग्राम काय आहे ते सांगते. एखादी वस्तू काळाच्या ओघात कशी बदलते हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी स्टेट डायग्राम असते. ही कल्पना यूएमएलमध्ये मुख्यत्वे डेव्हिड हॅरेल यांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेटचार्ट पद्धतीवरून आली. इस्रायलमधील एका लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे वर्तन अभियंत्यांना नेमकेपणाने मांडता यावे, या गरजेतून त्यांना ती सुचली होती. गोलसर कोपऱ्यांची चौकट म्हणजे एक अवस्था, बाण म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत होणारे स्थित्यंतर, आणि बाणावर लिहिलेला मजकूर म्हणजे ते घडवणारी घटना. प्रवाशाची स्थिती अशी मांडली की प्रतीक्षायादीतून आरएसीकडे, आरएसीतून कन्फर्मकडे आणि तिन्हींमधून ‘रद्द’ या अवस्थेकडे बाण जातात. कन्फर्मकडून प्रतीक्षायादीकडे बाण नसतो, आणि हे नसणेही तितकेच बोलके असते. पुढे चार्ट, म्हणजे आरक्षणाची अंतिम यादी, तयार होण्याची घटना येते आणि इथे आणखी एक बारकावा निघतो. ई-तिकिटावरील सगळेच प्रवासी प्रतीक्षायादीत राहिले तर ते तिकीट आपोआप रद्द होते, परंतु एक जरी कन्फर्म असला तर तसे होत नाही. म्हणजे स्थिती प्रवाशाची असली तरी तिचे एक स्थित्यंतर त्याच तिकिटावरील सहप्रवाशांवर अवलंबून असते. अशी अट बाणावर चौकोनी कंसात लिहितात. शब्दांत लिहिलेल्या नियमावलीत ही अट नजरेतून निसटणे सोपे असते. आकृतीत मात्र चार्टच्या घटनेने प्रतीक्षायादीतून बाहेर पडणारे दोन बाण दिसतात आणि कोणता कधी घ्यायचा हे लिहिल्याशिवाय आकृती पूर्ण होत नाही.

तिसरा प्रकार सिक्वेन्स डायग्रामचा, ज्यात सहभागी घटक वर ओळीने मांडून प्रत्येकाखाली एक उभी तुटक रेष सोडतात, काळ वरून खाली सरकतो असे मानतात, आणि त्या रेषांमध्ये आडव्या बाणांनी निरोपांची देवाणघेवाण दाखवतात. प्रवासी, आरक्षण यंत्रणा आणि बँक असे तीन घटक घेतले की आरक्षणाची सरळ वाट पाच-सहा बाणांत काढून होते, आणि बहुतेक नवशिके तिथेच थांबतात. शिकण्यासारखे ते त्यापुढे असते. बँकेने खात्यातून पैसे वळते केले, पण तिचे उत्तर आरक्षण यंत्रणेकडे उशिरा पोहोचले, तर तोपर्यंत तो बर्थ कोणासाठी राखून ठेवायचा, किती वेळ, आणि उशिरा आलेल्या उत्तराचे पुढे काय करायचे? पैसे कापले गेले पण तिकीट मिळाले नाही, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्याची योग्य जागा म्हणजे ही आकृती, आणि योग्य वेळ म्हणजे प्रोग्राम लिहिण्यापूर्वीची.

म्हणूनच आधी प्रोग्राम पूर्ण करायचा आणि मग प्रकल्पाच्या अहवालाला जोडण्यासाठी त्याच्यावरून आकृत्या काढायच्या, ही विद्यार्थ्यांमध्ये रूढ झालेली रीत नुकसानकारक आहे. अशी आकृती कोणताही प्रश्न उपस्थित करीत नाही, आणि ती काढणाऱ्याच्या मनात मॉडेलिंगविषयी कायमची अनास्था निर्माण करते. चिन्हांच्या व्याकरणात अडकून पडणे हाही तसाच एक धोका. पोकळ समभुज चौकोन आणि भरीव समभुज चौकोन यांतला भेद, बाणाच्या टोकांचे प्रकार, तुटक रेषेचे नेमके अर्थ हे सगळे हळूहळू शिकता येते. परंतु स्थिती तिकिटाची की प्रवाशाची हे ज्याला विचारावेसे वाटले नाही, त्याची चिन्हे कितीही अचूक असली तरी त्याचे मॉडेल चुकलेलेच राहते.

व्यवसायातही यूएमएलचा वापर पुस्तकात असतो तितका काटेकोर नसतो. ब्रिटनमधील संशोधक मरियन पेट्रे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलाखत दिलेल्या ५० व्यावसायिकांपैकी ३५ जण यूएमएल वापरतच नव्हते, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक जण गरजेपुरते निवडक प्रकार वापरत होते. यावरून आकृत्या निरुपयोगी ठरत नाहीत. फळ्यावर चौकटी आणि बाण काढून बोलण्याची सवय त्या भाषेबाहेरही पसरलेली आहे. मार्टिन फाउलर यांनी यूएमएलच्या वापराचे कच्चे रेखाटन, पक्का आराखडा आणि थेट प्रोग्रामिंगची भाषा असे तीन स्तर सांगितले आहेत. नवशिक्याने पहिल्या स्तरावर निःसंकोच राहावे, कारण पेन्सिलीने काढलेली आकृती खोडायला मन धजते, महागड्या साधनात रेखीव काढलेली खोडवत नाही.

रेखाटन स्थिरावल्यावर प्लांटयूएमएल किंवा मर्मेड यांसारखी मोफत साधने उपयोगी पडतात, ज्यांत आकृती हाताने काढण्याऐवजी साध्या मजकुरात लिहिली जाते आणि तिचे चित्र संगणक काढून देतो. तो मजकूर प्रोग्रामच्या फाइलींशेजारीच ठेवता येतो, त्यामुळे नियम बदलला की त्याच बैठकीत आकृतीही बदलता येते. ज्या आकृत्या अशा अद्ययावत ठेवणे शक्य नसते, त्या काम झाल्यावर निर्धास्तपणे टाकून द्याव्यात. जुन्या नियमाची आकृती खरी मानून नवा माणूस कामाला लागला तर ती नसण्यापेक्षा अधिक हानी करते.