लॅक्टेट किती आलं?

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आत्याचं हार्टचं ऑपरेशन झालं. मायट्रल व्हॉल्व्ह बदलायचा होता. लहानपणी घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, आणि त्या दुखण्याने हृदयाची झडप खराब करून ठेवली. तीही वर्षानुवर्षं, गुपचूप. मांजरी बुद्रुकहून आम्ही सहा जण डबे-थर्मास घेऊन हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये बसलो होतो. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, ऑपरेशन नीट झालं, व्हॉल्व्ह छान बसलाय. आणि जाता जाता, "लॅक्टेट थोडं वाढलंय, 6.8 आहे. त्यावर लक्ष ठेवतोय."

झालं! दादाने लगेच मोबाइल काढला. दोन मिनिटांत त्याचा चेहरा असा पडला की काकूंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. नॉर्मल 2 च्या खाली असतं, 4 च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात, एवढं त्याने वाचलं होतं. एवढंच वाचलं होतं, हा खरा प्रॉब्लेम.

लॅक्टेट आपल्याला तसं अनोळखी नाही. दहावीच्या विज्ञानात लॅक्टिक आम्ल होतं, आठवतंय? विरजण लावल्यावर दुधाचं दही होतं ते त्याच्यामुळेच. 1780 मध्ये शेले नावाच्या केमिस्टने ते आंबलेल्या दुधातच शोधलं. जिममधले भाऊ लोक 'लेग डे'नंतर जिना उतरताना कण्हतात आणि लॅक्टिकला शिव्या घालतात. पण तो आरोप खोटा आहे. व्यायाम संपल्यावर तासाभरात लॅक्टेट जवळपास पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंना झालेल्या बारीक इजांचं असतं. उलट लॅक्टेट हे इंधन आहे. लिव्हर त्याची परत साखर बनवतं, आणि हृदय तर ते चक्क जाळून वापरतं.

मग डॉक्टर घाबरतात कशाला? हे मला मांजरीच्या भाषेतच कळलं. आमच्याकडे सोसायट्यांना टँकरची सवय आहे. टँकर आला नाही तर बोअर चालू करतात. काम भागतं, पण पाणी कमी, आणि बादलीवर क्षार साचतात. शरीराचंही तसंच. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजनचे टँकर. ते पेशींपर्यंत पोचले नाहीत तर पेशी ऑक्सिजनशिवायच साखर तोडून कशीबशी ऊर्जा काढतात, आणि लॅक्टेट साचतं. वाढलेलं लॅक्टेट म्हणजे बादलीवरचे क्षार. ते विष नाही, 'कुठेतरी टँकर पोचत नाहीये' अशी तक्रार आहे.

हार्टच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये अशी तक्रार येण्याची कारणं भरपूर. हृदय थांबवतात, फुप्फुसंही रिकामी बसतात, आणि दोघांचं काम हार्ट-लंग मशीन करतं. मशीनच्या नळ्या आधी सलाइनसारख्या द्रवाने भरलेल्या असतात. तो रक्तात मिसळला की रक्त पातळ होतं, म्हणजे टँकरच कमी. शरीर थंड करून ऑक्सिजनची गरज उतरवतात, पण शेवटी पुन्हा गरम करताना ती झपकन वाढते. त्यात लिव्हरला रक्त कमी मिळालं तर साफसफाईही मंदावते. फुप्फुसांना इजा झाली असेल तर ती स्वतःच लॅक्टेट सोडू लागतात.

आणि गंमत म्हणजे कधी कधी टँकर वेळेवर येऊनही बोअर चालू असतो! हृदयाला जोर यावा म्हणून अ‍ॅड्रेनलिन देतात. ते पेशींना साखर वेगाने तोडायला लावतं, म्हणून ऑक्सिजन पुरेसा असूनही लॅक्टेट चढतं. म्हणजे 6.8 हा एकच आकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो. एक खरोखर गंभीर, दुसरी बरीचशी औषधाची करामत. ते ओळखायला बीपी, लघवी किती होतेय, हातपाय गरम आहेत का, सगळं सोबत बघावं लागतं. सर्च रिझल्टमध्ये हातपाय दिसत नाहीत.

ते मशीन चालवणारा माणूस वेगळा असतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्याला पर्फ्युजनिस्ट म्हणतात. सर्जन छातीत काम करत असतो तेव्हा पेशंटचं रक्ताभिसरण या माणसाच्या हातात असतं. अधूनमधून रक्ताचे काही थेंब मशीनला लावायचे, दोन-चार मिनिटांत लॅक्टेट कळतं. वाढतंय असं दिसलं तर पंपाचा फ्लो वाढवायचा, गरज असेल तर रक्त द्यायचं. आपल्यातल्या किती जणांनी बारावीनंतर या कोर्सचं नाव ऐकलं होतं?

हे मशीन माणसावर पहिल्यांदा यशस्वी ठरलं 1953 मध्ये, अमेरिकेत जॉन गिबनच्या हातून. 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. पेशंट काही तासच जगला. नंतर 2015 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पुन्हा प्रत्यारोपण झालं. हृदय गेलं पुण्यातून, ग्रीन कॉरिडॉर आणि विमानाने, सुमारे दीड तासात मुलुंडला. ज्याला मिळालं तो मुलगा 22 वर्षांचा होता. माझ्याच आजच्या वयाचा. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसले.

आत्याकडे परत येते. आयसीयूबाहेरच्या निवासी डॉक्टर ताईंना मी विचारलं, "6.8 म्हणजे खूप वाईट का?" त्या म्हणाल्या, "एक आकडा म्हणजे फोटो. मला व्हिडिओ बघायचाय. दोन तासांनी परत पाठवू." मग मी पीएमपीच्या तिकिटाच्या मागे आकडे लिहायला लागले. रात्री आठला 6.8. दहाला 7.1, तेव्हा दादा जिन्यात जाऊन बसला. त्या ताई मात्र म्हणाल्या, अंग गरम होतंय, बंद पडलेल्या गल्ल्या उघडतायत, तिथे साचलेलं आता रक्तात येतंय. अजून बघू. बाराला 5.6. तीनला 3.9. सकाळी सातला 2.2, आणि काकूंनी थर्मासमधला गार झालेला चहा सगळ्यांना वाटला.

ते तिकीट माझ्या मोबाइलच्या कव्हरमध्ये होतं. परवा आत्याच्या हाती लागलं. चष्मा लावून तिने वरून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे काय गं, भाजीचा हिशोब?"